दान खा इक नार हौस

श्रीमान दान,
मुक्काम पोस्ट अख्खं नेदरलँड्स, निम्मं बेल्जियम आणि शिवाय सुरिनाम.

स. न. वि. वि. लिहिणार होते, पण त्यात विनंती येते, आणि तुला विनंत्या करून माझी जीभ झिजली आहे. म्हणून थेट मुद्द्यावर येते. अहो-जाहोही करणार नाही. तुझ्या देशात आले त्या पहिल्याच आठवड्यात कळलं, की इथे साहेबालासुद्धा नावाने हाक मारतात आणि वर 'तू' म्हणतात. तेव्हा तुला अरे-तुरे केल्याने तुझा अपमान होण्याचं कारण नाही. झालाच तर माझी हरकत नाही.

वाचणाऱ्यांसाठी तुझी ओळख करून देते, कारण तुझं रूप मोठं सोज्वळ आहे. रोमन लिपीत जेमतेम तीन अक्षरं. डच भाषेतलं क्रियाविशेषण. शब्दकोश उघडला तर अर्थ सापडतो 'मग'. इथली आई पोराला सांगते : आधी दात घास, दान गोष्ट. आधी भाजी संपव, दान आइस्क्रीम. इतका घरगुती, बोटभर शब्द. मी सहा वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टेलव्हीनला आले तेव्हा तुला पाहून मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, 'मग' आपल्याला जन्मापासून येतो, हा तर आपला गाववाला निघाला. गाववाला म्हणून पुढे येणाऱ्या माणसापासून परमुलखात सावध राहावं, हे मला वडिलांनी सांगितलं होतं. शब्दांबद्दल ते काही बोलले नव्हते.

सुरुवात तुझ्या उच्चारापासून करू. तू धड 'दन' नाहीस आणि धड 'दान'ही नाहीस. तुझ्यातला 'आ' अर्धवट चावून टाकायचा असतो. तो आपल्यासारखा तोंडभर उच्चारला, की होतो 'दाऽन', आणि दाऽन हे इथल्या मुलग्यांचं लाडकं नाव आहे. आमच्या एका गल्लीत दोन दाऽन आहेत. सुरुवातीच्या काळात मी बागेत बसून फोनवर डच वाक्यांचा सराव करायचे, तेव्हा घसरगुंडीवरून दोन्ही पोरं वळून माझ्याकडे बघायची. त्यांच्या आयांनाही वाटलं असेल, या बाईला आमची मुलं फार आवडतात. (हा चावलेल्या 'आ'चा घोळ तुझ्यापुरता नाही, हे मान्य. 'मान' म्हणजे नवरा, पुरुष. 'माऽन' म्हणजे चंद्र. 'माझा चंद्र सहा वाजता ऑफिसातून येतो' असं मी डचच्या वर्गात सांगितलं होतं. बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. म्हणाल्या, राहू दे, छान आहे.)

तर आता तुझ्या वाक्याकडे येते. 'मग मी घरी जाते' याचं डच आमच्या कानांना असं ऐकू येतं : दान खा इक नार हौस.

हे वाक्य मी स्वयंपाकघरात घोकत होते तेव्हा वेंगुर्ल्याहून आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगो, दान खावक कोण सांगता तुका? आणि ती नार कोणाची, हौस कसली?" तिला समजावलं. खा म्हणजे जाते. इक म्हणजे मी. नार म्हणजे कडे. हौस म्हणजे घर. आणि दान म्हणजे मग. आई म्हणाली, "मगे सरळ 'मगे' म्हण." हे तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून हा पत्रप्रपंच.

कारण सरळ म्हणायचीच तू सोय ठेवली नाहीस. तू नसतोस तेव्हा हेच वाक्य शहाण्यासारखं उभं असतं : इक खा नार हौस. मी, जाते, घरी. 'मी' पुढे, मागे क्रियापद. इंग्रजी शिकलेल्या माणसाला यात काही खटकत नाही. आणि मग तू येतोस. येतोस तो सरळ दारातून, पहिल्या जागेवर बसतोस, आणि 'इक' बिचारी उठून क्रियापदाच्या मागे जाते. दान, खा, इक. मग, जाते, मी. इथले शिक्षक याला 'इन्वर्झी' म्हणतात. आमच्याकडे याला जागा बळकावणं म्हणतात.

वेंगुर्ला-सावंतवाडी एसटी तू पाहिलेली नाहीस, म्हणून सांगते. गाडी स्टँडात शिरते न शिरते तोच काही जण बाहेरून खिडकीतून रुमाल टाकतात. रुमाल पडला की सीट त्याची. मागाहून शिस्तीत रांगेने चढलेला माणूस ताटकळत उभा राहतो. डच वाक्य म्हणजे हुबेहूब तीच गाडी आहे. दुसरी सीट कायम कंडक्टरची, म्हणजे क्रियापदाची. ती कुणाला मिळत नाही, तिथे बसायचा विचारही करायचा नाही. पहिल्या सीटवर सहसा 'मी' बसतो. पण तिथे तुझा रुमाल पडला, की कंडक्टर जागचा हलत नाही आणि 'मी' जातो तिसऱ्या सीटवर. तू उतरलास की 'मी' परत पुढे. दिवसातून दोनशे वेळा ही उठबस.

न्यायाने सांगायचं तर गुन्ह्यात तू एकटा नाहीस. 'आज', 'उद्या', 'कधीकधी', 'अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये' यांतलं कोणीही पहिल्या सीटवर बसलं तरी 'मी'ची हीच गत होते. पण ते सगळे अधूनमधून येणारे प्रवासी. तू पासधारक. माणूस दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगायला लागला की तुझ्याशिवाय पान हलत नाही, आणि माणसं दिवसभर दुसरं काय सांगत असतात?

या गाडीत फुकट चढणारे थोडेच आहेत. त्यांतला एक 'एन', म्हणजे 'आणि'. तो फुटबोर्डवर लटकतो, सीट अडवत नाही, म्हणून त्याच्या मागे क्रम बदलत नाही : एन इक खा नार हौस. हे कळलं त्या दिवसापासून आमच्या वर्गातले सगळे 'आणि'च्या आश्रयाला गेले. पोलंडची मुलगी, सीरियाचे काका, ब्राझीलचा तो स्वयंपाकी आणि मी, सगळ्यांचं डच असं झालं : मी उठले आणि मी चहा केला आणि मी बस पकडली आणि मी इथे आले. लहान मूल शाळेतून आल्यावर एका दमात दिवस सांगतं, तसं. बाईंनी तीन आठवडे सहन केलं. चौथ्या आठवड्यात फळ्यावर 'एन' लिहून त्यावर मोठी काट मारली.

आमचा 'मग' बघ. त्याला कुठेही बसव. मग मी घरी जाते. मी मग घरी जाते. मी घरी जाते मग. जाते मी घरी मग. चारही चालतात, फक्त बोलणारीचा मूड बदलतो. शेवटचं वाक्य नवऱ्याला उद्देशून असेल तर त्याने गाडीची किल्ली शोधायला लागावं. पण कोणाला उठवून बसणं हे 'मग'च्या रक्तात नाही.

आता पोह्यांचं प्रकरण. हे मी लिहिणार नव्हते, पण तू मला त्या थराला आणलंस.

आमचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, पैसे न घेता शिकवतात, आणि येताना पत्र्याच्या डब्यातून बिस्किटं आणतात. डबा फिरतो, प्रत्येकाने एक घ्यायचं, झाकण लागतं. त्या दिवशी काम होतं आपल्या देशातली एक पाककृती सांगण्याचं, आणि अट अशी की 'आधी', 'मग', 'त्यानंतर' आणि 'शेवटी' हे चारही शब्द यायला हवेत. म्हणजे तू हवासच. मी कांदेपोहे निवडले. पोह्यांना डच शब्द नाही, म्हणून 'प्लात्त रेइस्त', चपटा तांदूळ, असं सांगून वेळ मारून नेली.

एर्स्त, म्हणजे आधी, कांदा चिरते, इथवर ठीक. इथेही 'इक'ला मागे ढकलावं लागतंच, पण ते मी घरून पाठ करून आले होते. मग म्हणाले, "दान इक वास द पोहा." बाईंनी दोन्ही हातांच्या मुठी केल्या आणि एकमेकींवरून कात्रीसारख्या फिरवल्या. ही त्यांची खूण आहे, जागा बदला. मी बदलली : "दान वास इक द पोहा." मग मी पोहे धुते. बाईंनी मान डोलावली. 'वास' म्हणजे धुते. पोह्यांच्या बाबतीत हा शब्द मला भलताच शोभून दिसला. मी खुशीत फोडणी घातली, हळद टाकली, 'शेवटी' खोबरं आणि कोथिंबीर पेरून घरी आले.

पुढच्या मंगळवारी काम आलं, रविवारी काय केलं ते सांगा. रविवारी मी पोहेच केले होते. आता ही गेलेल्या काळातली गोष्ट, आणि गेलेल्या काळात घडलेल्या गोष्टीला तू चालत नाहीस. तिथे तुझा भाऊ येतो, 'तून'. हा आणखी एक मनस्ताप. आमचा 'मग' तिन्ही काळांत फिरतो : मग गेले, मग जाते, मग जाईन. तुमच्याकडे दोन सख्खे भाऊ वाटण्या करून बसलेत. एकदाच घडून गेलेलं सगळं 'तून'चं. आत्ताचं, पुढचं आणि नेहमीचं सगळं तुझं. मध्ये कुंपण. हे मी चोख पाठ केलं होतं. उभी राहिले आणि आत्मविश्वासाने म्हणाले :

"तून वास इक द पोहा."

वर्गात क्षणभर शांतता. मग बाईंनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागल्या. सीरियाचे काका मान खाली घालून हसत होते. मला कळेना, जागा तर बरोबर बदलली होती, भाऊही बरोबर आणला होता. चूक एवढीच, की 'वास' हे क्रियापद दोन ठिकाणी नोकरी करतं. वर्तमानकाळात, 'मी'बरोबर, त्याचा अर्थ 'धुते'. भूतकाळात त्याचा अर्थ 'होते'. धुण्याचा भूतकाळ वेगळा आहे, 'वास्ता'. मी 'तून' आणून वाक्य भूतकाळात नेलं, पण क्रियापद जुनंच ठेवलं. म्हणजे मागच्या आठवड्यात मी पोहे धुतले, आणि या आठवड्यात सर्वांसमक्ष जाहीर केलं : तेव्हा मी पोहे होते.

काकांनी हात वर करून विचारलं, "मेत सित्रून?" लिंबू पिळून?

दान, या प्रकरणात तू म्हणशील की तो गुन्हा भावाचा, मी जागेवर नव्हतो. पण कुंपण कोणी घातलं? तू तिन्ही काळ सांभाळले असतेस, आमच्या 'मग'सारखे, तर 'तून'ची गरजच काय होती? आणि हा 'तून' तरी सरळ असावा! तोच शब्द 'तेव्हा' म्हणून येतो आणि तोच 'जेव्हा' म्हणून. 'तेव्हा' असला तर क्रियापद दुसऱ्या सीटवर, 'जेव्हा' असला तर क्रियापद सगळ्यात मागे. म्हणजे चेहरा एकच, पण तो कुठल्या अवतारात आला आहे हे वाक्य संपल्यावर कळणार. यावर वर्गातल्या अनुभवी माणसांनी एक पळवाट सांगितली, 'दारना', म्हणजे 'त्यानंतर'. तो बापडा कुठल्याही काळात चालतो. जागा मात्र तोही अडवतो. मी वर्षभर 'दारना'वर काढलं. माझं डच ऐकून एकजण म्हणाला होता, तू पोलिसांत जबाब दिल्यासारखी बोलतेस.

मला परीक्षेची सक्ती नाही, हेही सांगते. नवरा नोकरीच्या परवान्यावर आला आणि मी त्याच्याबरोबर, अशांना इथे भाषेवाचून राहता येतं. पण पाच वर्षं झाली आणि कायमच्या परवान्यासाठी अर्ज करायचा म्हटलं, की ती नागरी परीक्षा द्यावी लागते : वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, शिवाय डच समाजाची माहिती. बोलण्याची परीक्षा संगणकासमोर बसून, कानाला हेडफोन लावून. समोर माणूस नाही, मुठी फिरवणाऱ्या बाई नाहीत. प्रश्न येतो, तू शनिवारी काय करतेस? आणि मी सांगायला लागते, शनिवारी मी बाजारात जाते, मग... त्या 'मग'पाशी मी थबकते, आणि संगणक शांतपणे माझं थबकणं ध्वनिमुद्रित करत राहतो.

परीक्षेबाहेरही तू सुटका करत नाहीस. इथल्या माणसाशी ओळख वाढवायची म्हणजे आधी डायरी काढावी लागते. शेजारच्या बाईंना मी म्हटलं, या ना बुधवारी चहाला. त्यांनी फोन काढला, बोटाने दिवस सरकवले, आणि मनापासून हळहळत म्हणाल्या, "दान कान इक नीत." तेव्हा मला जमत नाही. मी म्हटलं, गुरुवारी? दान कान इक नीत. पुढच्या सोमवारी? दान कान इक नीत. इथे तुझा अर्थ 'मग' नसून 'तेव्हा' आहे, हे मला पाचव्या नकारानंतर उमगलं. म्हणजे पुढच्या काळातला 'मग'ही तूच आणि 'तेव्हा'ही तूच. चहा तीन आठवड्यांनी झाला. निघताना त्या म्हणाल्या, "तोत दान!" भेटू तेव्हा! कधी, ते डायरीत. (यांच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, रोज सकाळी नजरेखालून जावं म्हणून. आमच्याकडे ते काम आत्या करते.)

आणि पाऊस आला की तू 'तर' होतोस. जर पाऊस पडला तर मी घरी राहते : आल्स हेत रेखन्त, दान ब्लेइफ इक तौस. इथे एक गंमत मला बऱ्याच उशिरा दिसली. मराठीत आम्ही 'जर' सर्रास गाळतो, 'तर' गाळत नाही : पाऊस आला तर येणार नाही, एवढं पुरतं. तुम्ही उलटे. 'आल्स' राखून ठेवता आणि तुला, म्हणजे 'तर'ला, बिनदिक्कत गाळता. पण खरी कमाल पुढे आहे. तू गाळलास तरी 'इक' आपल्या जागेवर परत येत नाही. आल्स हेत रेखन्त, ब्लेइफ इक तौस. तिसऱ्या सीटची ती तिसऱ्याच सीटवर. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आता ते अख्खं जर-वालं वाक्यच पहिल्या सीटवर बसलंय. म्हणजे पुढारी गेला आणि त्याचं बिऱ्हाड मागे राहिलं.

याउप्पर तू तुलनेचाही धंदा करतोस. 'याच्यापेक्षा मोठा' म्हणायचं तर 'ख्रोतर दान'. 'पेक्षा' तूच. इंग्रजीतही 'मग' आणि 'पेक्षा' या दोन शब्दांचं मूळ एकच आहे, पण त्यांनी निदान एक स्वर बदलून दोघांना वेगळं रेशनकार्ड दिलं. तू एकाच कार्डावर दोन घरं चालवतोस. आणि गंमत अशी, की तुझ्याच देशातली अर्धी माणसं इथे तुला विचारत नाहीत. ती सर्रास 'ख्रोतर आल्स' म्हणतात. यावरून तुमच्याकडे दोन-तीनशे वर्षं भांडण चालू आहे. १७३० साली बाल्थाझार हाउदेकोपर नावाच्या पंडिताने फोन्डल या थोर कवीने केलेल्या ओव्हिडच्या भाषांतरावर एक अख्खा ग्रंथ भरून शेरे मारले. तुलनेत तूच हवास, 'आल्स' चालणार नाही, असा हट्ट धरणाऱ्या मंडळींत हे गृहस्थ होते. तेव्हापासून शाळांतून मुलांना कान धरून शिकवलं जातं, आणि मुलं शाळेचं फाटक ओलांडताच 'आल्स' म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा ट्राम चालवायचे. ते 'आल्स'च म्हणतात. मी त्यांना एकदा भीत भीत सांगितलं, की आमच्या बाई म्हणतात तिथे 'दान' हवा. आजोबांनी सिगारेटची राख झटकली आणि म्हणाले, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्या दिवशी मला या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

सरकारी पत्रांत तर तू वेषांतर करून फिरतोस. 'दान वेल' म्हणजे किंवा. 'आल दान नीत' म्हणजे असो वा नसो. 'वी दान ओक' म्हणजे कोणीही. 'न्यू एन दान' म्हणजे अधूनमधून. एका पत्रात मी तुला सहा ठिकाणी अधोरेखित केलं, आणि एकाही ठिकाणी तू 'मग' नव्हतास. पत्राचा मुद्दा एवढाच होता, की कचऱ्याचा दिवस बदलला आहे.

हे सगळं मी सोसलं असतं, म्हटलं असतं परकी भाषा आहे, हे चालायचंच. पण मग बाईंनी 'ओमदात' शिकवला. ओमदात म्हणजे कारण. आणि त्या संध्याकाळी माझा तुझ्यावरचा राग खऱ्या अर्थाने पेटला.

कारण 'ओमदात' आला, की कंडक्टर आपली सीट सोडून गाडीच्या अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. वर्गातले सगळे कपाळाला हात लावून बसले. इंग्रजी, अरबी, पोर्तुगीज बोलणाऱ्यांना वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट बघायची म्हणजे श्वास कोंडल्यासारखं होतं. मी मात्र फळ्याकडे बघतच राहिले. बाईंनी प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं, आणि माझ्या तोंडून न अडखळता बाहेर पडलं : ओमदात इक मोर्खन मेत मेइन मूदर नार वेंगुर्ला खा. आता शब्दाखाली शब्द ठेव. कारण, मी, उद्या, माझ्या आईबरोबर, वेंगुर्ल्याला, जाते. एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. ही मराठी आहे, दान! फक्त नळावरच्या गर्दीतून आल्यासारखी थोडी घशातून आलेली.

यान कोस्टर नावाच्या तुमच्याच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली एक लेख लिहून हेच मांडलं, की डच ही मुळात कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमाची भाषा आहे. म्हणजे आमच्यासारखी. क्रियापदाची खरी जागा शेवटचीच. मुख्य वाक्यात त्याला तिथून उचलून पुढे आणून बसवतात. वाचलं आणि मला इतकी वर्षं कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं. म्हणजे आपण एका क्रमाचे. घरात, आतल्या खोलीत, 'कारण' आणि 'की'च्या पडद्याआड तुम्ही आमच्यासारखेच बोलता. आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे आले, की खुर्च्यांची ही मांडामांड. आणि त्या पहिल्या खुर्चीवर पाय पसरून कोण बसलेलं असतं, तर तू.

जाता जाता एक जुना हिशोब. आमच्या वेंगुर्ल्यात तुझ्या माणसांची वखार आहे. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी काढून डच कंपनीने तिथे बस्तान बसवलं. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या गलबतांना दाणापाणी मिळावं म्हणून ती जागा सोयीची होती. सतराव्या शतकातली कितीतरी वर्षं ते लोक आमच्या गावात राहिले. भिंती आज पडक्या झाल्या आहेत, त्यांतून झाडं उगवली आहेत. शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं, तेव्हा मी भिंतीला टेकून आवळे खाल्ले होते. इतकी वर्षं तिथे राहून त्यांच्यातल्या एकाने तरी तुला आमच्या गावच्या बाजारात सोडलं असतं, तर मी तुला आजीच्या मांडीवर शिकले असते. ते झालं नाही. जाताना ते तुला आठवणीने बरोबर घेऊन गेले, आणि तीनशेहून अधिक वर्षांनी मला तिकीट काढून तुझ्यामागे यावं लागलं.

एवढं सगळं लिहायला मी आजच का बसले, तेही सांगते.

मुलगा आमचा इथेच जन्मला, सहा वर्षांचा आहे. घरात आम्ही कटाक्षाने मराठी बोलतो. 'ळ' येतो त्याला, 'ण' येतो, 'भाकरी'ला भाकरीच म्हणतो. त्यामुळे मी निर्धास्त होते. काल रात्री तो आजीशी बोलत होता. आजी म्हणाली, "मगे? आज काय काय केलंस?" आणि तो सांगायला लागला, अगदी स्वच्छ मराठीत :

"आधी जातो मी शाळेत. मग खातो मी पाव. मग खेळतो मी बाहेर. मग येतो मी घरी."

मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं. शब्द सगळे आमचे. एकही शब्द तुझा नव्हता. पण प्रत्येक वाक्यात पहिल्या सीटवर रुमाल, दुसऱ्या सीटवर कंडक्टर, आणि माझ्या पोटचा 'मी' तिसऱ्या सीटवर.

आईला मात्र काहीच खटकलं नाही. मराठीत तसं म्हणता येतं ना! ती उलट खूश झाली. फोन कानाला घट्ट लावून (व्हिडिओ कॉल असला तरी ती कानालाच लावते) मला म्हणाली, "अगो, ह्यो तर दशावतारातल्या राजासारखो बोलता! मगे जातो मी वनात! खंय शिकलो?"

कुठे शिकला, ते मी तिला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर त्याला जवळ घेतलं आणि नीट समजावलं. म्हटलं, सोन्या, मराठीत 'मी' आधी घ्यायचा. मग मी खातो. मग मी येतो. कळलं? त्याने थोडा विचार केला. आज्ञाधारक मुलगा आहे. म्हणाला :

"हो. मग घेतो मी 'मी' आधी."

कळावे. लोभ नसावा.

तिसऱ्या सीटवरून,
इक